झोजीलाची चढण आणि उतरण



आजचा भाग झाशीतूनच, आमच्या घराच्या अंगणातून. एरवी मी एखादी लढाई घेतो, नकाशा मांडतो आणि बोलायला लागतो. आज मात्र सुरुवात एका गाडीपासून करणार आहे, आणि त्याला तसंच कारण घडलंय.

गेल्या नोव्हेंबरात माझा भाचा नागपूरहून नवीकोरी लँड रोव्हर डिफेंडर घेऊन दारात उभा राहिला. आमची गल्ली जुनी. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला पानाची टपरी. गाडी आत घ्यायला पंधरा मिनिटं लागली आणि गल्लीतली निम्मी पोरं मदतीला धावली. चहा हातात येईपर्यंत त्यानं बेत सांगून टाकला. "मामा, डिसेंबरात लेहला जायचं. श्रीनगर, सोनमर्ग, झोजीला, द्रास, कारगिल. तुम्ही नुसते शेजारी बसा."

आता गंमत अशी, की नागपूर, झाशी आणि श्रीनगर ही तिन्ही एकाच रस्त्यावर आहेत. राष्ट्रीय महामार्ग ४४ कन्याकुमारीहून निघतो, नागपूर, सागर, ललितपूर करत आमच्याकडे येतो आणि ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, जम्मू करत थेट श्रीनगरला जातो. त्यामुळे झाशीकराला काश्मीर फार लांब वाटत नाही. प्रत्यक्षात मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि बर्फ फक्त गोळेवाल्याकडे दिसतो. पण बबीना आणि तालबेहटच्या माळावर रणगाड्यांचा सराव बघत मोठा झालेला मी, मला गाडी आणि जमीन यांचं नातं लहानपणापासून खुणावत आलंय.

भाच्याला म्हटलं, सामान दाखव. त्यानं मागचं दार उघडलं. छतावर उलगडायचा तंबू, हवा भरायचा पंप, दिव्यांची लांबलचक पट्टी, कॉफीचं यंत्र आणि एक छोटा फ्रिज. डिसेंबरात द्रासला जाताना फ्रिज! द्रासला त्या दिवसांत अन्न गोठू नये म्हणून धडपड करावी लागते. मी विचारलं, "साखळ्या कुठायत?" तो हसला. "मामा, हिच्यात बर्फाचा वेगळा मोड आहे. बटण फिरवलं की गाडी स्वतःच सांभाळते. शिवाय फोर बाय फोर."

हे शेवटचं वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. १९८७ साली, माझ्याच तोंडून. ते पुढे सांगतो. त्या संध्याकाळी भाच्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

बर्फात मोटार नेण्याचा माणसाचा हट्ट मोटारीइतकाच जुना आहे. १९०८ साली शॅकल्टननं अंटार्क्टिकावर पहिली मोटार नेली, ॲरोल-जॉन्स्टन कंपनीची. समुद्र गोठून झालेल्या टणक बर्फावर ती चालली. भुसभुशीत बर्फ लागला की चाकं जागच्या जागी फिरायची. त्याआधीच, १९०४ मध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड नावाच्या गृहस्थांनी टायरला घालायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं होतं. लोक चिखलात आणि बर्फात चाकांना दोर गुंडाळतात हे पाहून त्यांना ती सुचली. आज सव्वाशे वर्षं होत आली, पण त्या साखळीत मूळ कल्पना तीच आहे.

आलिशान गाडीचा मान मात्र रशियाच्या झारकडे जातो. दुसऱ्या निकोलसच्या मोटारखान्यात आडॉल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच माणूस होता. मालकाला हिवाळ्यातही मोटारीतूनच फिरायचं होतं. केग्रेसनं मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवले आणि पुढे स्कीसारख्या घसरपट्ट्या. क्रांती झाली, झार गेला, पट्टे राहिले. लेनिनसाठीही अशीच पट्ट्यांवर चालणारी रोल्स-रॉईस होती. केग्रेस फ्रान्सला परतला आणि त्याची युक्ती सित्रोएन कंपनीनं उचलली. त्याच पट्ट्यांच्या गाड्या घेऊन १९३१ च्या उन्हाळ्यात जॉर्ज-मारी हार्डची मोहीम श्रीनगरला पोचली आणि तिथून बुर्झिल खिंडीच्या वाटेनं दोन गाड्या गिलगिटला गेल्या. गेल्या म्हणजे काय, तर जिथे वाट गाडीपेक्षा अरुंद होती तिथे गाडी खोलायची, भाग माणसांच्या नि तट्टांच्या पाठीवर लादायचे आणि पुढे जाऊन पुन्हा जोडायची. फोटोत गाडी दिसते. तिचे तुकडे पाठीवर वाहणारी काश्मिरी माणसं कडेला कुठेतरी दिसतात.

आता १९४८ वर येऊ. मला या वर्षाचं फार कौतुक वाटतं. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली. मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावर लढाईतली उरलेली अमेरिकन विलिस जीप वापरली होती. ती मोडली तर दुसरी आणायची कुठून, या विचारातून लँड रोव्हर निघाली. तीच विलिस जीप १९४७ पासून मुंबईत महिंद्रा जोडू लागली होती. म्हणजे भाच्याची डिफेंडर आणि आपल्याकडची थार या एकाच आजीच्या नाती. आजीचं वजन अकराशे किलोच्या आसपास, ताकद साठ घोड्यांची. नातीचं वजन दोन टनांहून जास्त. आता लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या घरात आली आहे, हा त्यातला आणखी एक योग.

त्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये गाडी गालिच्यावर उभी होती, तेव्हा आपल्याकडे लेह वाचवायची लढाई चालू होती. त्या उन्हाळ्यात कारगिल आणि द्रास गेले आणि झोजीला खिंड शत्रूच्या हातात पडली. श्रीनगरहून लेहला जायचा रस्ता तोच. रस्ता म्हणजे तट्टांची वाट. खिंड साडेअकरा हजार फुटांवर, बालटालपासून अंगावर येणारा चढ, आणि वर दोन्ही बाजूंच्या कड्यांवर शत्रूच्या मशीनगन. सप्टेंबरात ब्रिगेडियर अटल यांच्या ७७ पॅराशूट ब्रिगेडनं हल्ले केले. पायदळ वर गेलं आणि आगीखाली परत फिरलं. हिवाळा तोंडावर आला होता. खिंड बर्फानं बंद झाली की लेहची मदत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद.

तेव्हा मेजर जनरल तिमय्यांनी ठरवलं की वर रणगाडे न्यायचे. ज्यांनी ही कल्पना पहिल्यांदा ऐकली असेल त्यांचे चेहरे मी अनेकदा डोळ्यांपुढे आणले आहेत. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या हाताखालचे, खाली जम्मूच्या भागात होते. स्टुअर्ट हा हलका रणगाडा, पण हलका म्हणजे चौदा-पंधरा टन. वाटेतले पूल त्या वजनासाठी बांधलेले नव्हते. म्हणून बुरुज, म्हणजे वरची तोफ असलेला डोलारा, उतरवून वेगळा नेला. पूल बळकट केले. ताडपत्रीखाली झाकून, रात्रीच्या संचारबंदीत, श्रीनगरमधून रणगाडे पुढे काढले, कारण शत्रूला सुगावा लागला असता तर खेळ संपलाच होता.

इथे एक आडवळण घेतो. याच स्टुअर्टच्या नंतरच्या एका प्रकारात कॅडिलॅक या अमेरिकेतल्या श्रीमंती मोटारीची दोन इंजिनं आणि तिचाच आपोआप बदलणारा गिअर बसवला होता. आलिशान गाडीचं काळीज आणि रणांगणाचं अंग, हे लग्न आजच्या जाहिरातवाल्यांच्या आधी ऐंशी वर्षांपूर्वी लागलेलं आहे.

पण मला सांगायचंय ते रणगाड्यांबद्दल नाही. बालटालपासून वर जी तट्टांची वाट होती, तिच्यावरून रणगाडा जाणं अशक्य होतं. ती रुंद केली मद्रास सॅपर्सनी. मेजर थंगराजू यांच्या हाताखाली दोन फील्ड कंपन्या. सुरुंग लावायचा, दगड ढकलायचे, वरून गोळ्या येत असताना काम करायचं, पुष्कळसं रात्री. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाट तयार झाली. मग बर्फ पडलं आणि हल्ला लांबला. अखेर १ नोव्हेंबर १९४८ ला, बर्फात, सात स्टुअर्ट वर निघाले. पुढच्या रणगाड्यात तिमय्या स्वतः होते. शत्रूकडे रणगाडाविरोधी काही नव्हतं, कारण साडेअकरा हजार फुटांवर रणगाडा येईल असं जगात कुणालाच वाटलं नव्हतं. इतक्या उंचीवर रणगाडे लढण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी गुमरीचं खोरं हाती आलं. १५ नोव्हेंबरला द्रास, आणि २४ नोव्हेंबरला कारगिलला लेहकडून आलेल्या आपल्या तुकडीशी गाठ पडली. मोहिमेचं नाव 'बायसन'.

या लढाईवर बोलताना सगळे रणगाड्यांवर बोलतात. मीही तरुणपणी तेच करायचो. पण दोन टनांची गाडी असो की पंधरा टनांची, ती बर्फात चढली ती कुणीतरी तिच्याखाली वाट केली म्हणून. आजही तेच आहे. सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. पूर्वी झोजीला हिवाळ्यात सहा-सहा महिने बंद राहायची. २०२३ मध्ये ती ६८ दिवसांनी उघडली, २०२५ मध्ये ३२ दिवसांनी. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला आणि झोजीलाचा तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खणला जातो आहे. तो झाला की भाच्यासारख्यांना हा घाट दिसणारही नाही.

तोवर मात्र घाट आहे आणि बर्फ आहे. म्हणून मी वही काढली आणि भाच्याला हिशेब घालून दाखवला. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी जोरात ब्रेक लावल्यावर साधारण नऊ मीटरमध्ये थांबते. कडक, चकचकीत बर्फावर तीच गाडी साठ मीटर घसरत जाते, तेही सपाटीवर. उतारावर तर कधी थांबेल ते उतारच ठरवतो. आता या हिशेबात फोर बाय फोर कुठे येतं? कुठेच नाही. चारही चाकांना ताकद मिळाल्याचा फायदा निघताना आणि चढताना. थांबताना आठ लाखांच्या गाडीलाही चारच चाकं ब्रेक लावतात आणि कोटीच्या गाडीलाही चारच. उलट जड गाडी चढावर इतकी सहज जाते की चालवणाऱ्याला बर्फ जाणवतच नाही, आणि तो वेगात उताराच्या तोंडाशी येतो.

त्याच्या गाडीला मी नावं ठेवत नाही. टर्बो असल्यानं उंचीवर तिचा दम फारसा जात नाही. आमच्या काळातल्या साध्या इंजिनाची ताकद झोजीलावर तिसऱ्या हिश्श्यानं तरी कमी व्हायची. लो रेंज आहे, उतारावर वेग धरून ठेवणारी यंत्रणा आहे, आणि ती उत्तम आहे. पण ही सगळी यंत्रणा टायरमार्फतच रस्त्याशी बोलते, आणि टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेवर. साधा टायर सात अंशांच्या खाली कडक होत जातो. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. त्याच्या कडेवर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असते. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, म्हणून साखळ्या. त्यातही भाच्याच्या गाडीला २० इंची रिम. रिम मोठी म्हणजे दिसायला झोकदार, पण टायरची भिंत कमी आणि साखळीला आत जागा कमी. गाडीच्या पुस्तकात ज्या मापाची लिहिली आहे तीच साखळी, आणि पुस्तकात सांगितलेल्या चाकांनाच. बाजारातली कुठलीही घातली तर आतली ब्रेकची नळी कापून घ्यायची वेळ येते.

मग आम्ही सामानाची यादी नव्यानं केली. फ्रिज आणि कॉफीचं यंत्र आमच्या घरी राहिलं. (फ्रिज अजून आहे, हिनं त्यात लोणची ठेवली आहेत.) त्याजागी फावडं, ओढायचा दोर, जाड हातमोज्यांच्या दोन जोड्या, एक ओली झाली तर दुसरी हवी म्हणून. काचेवर फवारायचं पाणी न गोठणारं. इंजिनाच्या थंड पाण्यात न गोठणारं द्रावण योग्य प्रमाणात. बॅटरी तपासलेली, कारण थंडीत तिचा जोर निम्म्यावर येतो. डिझेलची गाडी असल्यानं आणखी एक: साधं डिझेल कडाक्यात मेणासारखं होतं. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल दिलंय. टाकीत खालचं मैदानी डिझेल काठोकाठ भरून वर जायचं नाही, वरचं भरायला जागा ठेवायची. आणि धूर साफ करायला जे द्रावण या नव्या गाड्यांत घालतात ते उणे ११ ला गोठतं. टाकीला हीटर असतो, पण तो काम करतोय ना हे घरून निघतानाच बघायचं.

आणि एक गोष्ट मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. बर्फात अडकलात, इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलात, तर दर थोड्या वेळानं खाली उतरून धुराचं नळकांडं मोकळं आहे ना ते बघायचं. ते बर्फात बुजलं की विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो. झोप येते, एवढंच कळतं.

आता १९८७.

नोव्हेंबरचा शेवट होता. मी कॅप्टन होतो, द्रासकडून श्रीनगरला निघालो होतो. गाडी सरकारी, फोर बाय फोर. चालक साताऱ्याकडचा एक नाईक, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. द्रासकडून येताना झोजीलाचा चढ हळूहळू येतो. खिंड ओलांडली की बालटालच्या बाजूला एकदम खोल उतार. गुमरीला त्यानं गाडी थांबवली. "साहेब, साखळ्या घालू." दुपारचे साडेतीन झाले होते. दिवसभराच्या उन्हानं रस्त्यावर पाणी झालं होतं आणि सावली पडताच ते पुन्हा गोठायला लागलं होतं. हे त्याला दिसत होतं. मला घड्याळ दिसत होतं. म्हटलं, "चढ संपला. आता उतारच तर आहे. फोर बाय फोर आहे ना?" तो "जी साहेब" म्हणाला आणि गाडीत बसला.

तिसऱ्या वळणावर गाडी सुटली. त्यानं ब्रेक मारला नाही, गिअरवरच धरायचा प्रयत्न केला आणि शेवटी मुद्दाम डोंगराच्या बाजूला घातली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको. चाक कपारीला आदळलं, स्टिअरिंगनं उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट मोडलं. तशा हातानं तो खाली उतरला आणि चाकांखाली दगड लावले. मीही लावले, पण पहिले त्यानं लावले. त्याचे हातमोजे भिजले. मदतीची गाडी यायला पाच तास लागले. मनगट जुळलं. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र थंडीनं गेली.

अहवालात कारण 'रस्त्यावरील बर्फ' असं लिहिलं गेलं. खोटं नाही ते. खाली माझी सही आहे.

हे मी भाच्याला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. घरातही कुणाला नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी साखळ्यांसाठी फोनाफोनी सुरू झाली. दिल्लीहून मागवल्या, आठ दिवसांनी आल्या. मग अंगणात सराव. मी अट घातली, जाड हातमोजे घालूनच चढवायच्या. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. शेजारचे लोक भिंतीवरून बघत होते की नोव्हेंबरच्या उन्हात, झाशीत, हा माणूस चाकांना बेड्या का घालतोय. चौथ्या दिवशी बारा मिनिटांवर आला. तुळशीजवळची एक फरशी फुटली, तिचं बोलणं मी खाल्लं.

मी त्याच्याबरोबर गेलो नाही. गुडघे साथ देत नाहीत आणि शेजारी मामा बसला की माणूस स्वतः विचार करत नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. सोनमर्गला दोन दिवस अडकला, रस्ता साफ होत होता. गाड्या एकेरी सोडत होते. त्याच्या पुढे रांगेत जुने ट्रक होते, साखळ्या घातलेले. त्यांच्या चाकांच्या खुणांवरून तो वर गेला. परतताना गुमरीहून निघायच्या आधी त्यानं साखळ्या घातल्या, लो रेंज, पहिला गिअर, आणि बालटालपर्यंत एकदाही ब्रेकवर जोर द्यावा लागला नाही, असं त्यानं सोनमर्गहून फोनवर सांगितलं. वळणं मोजलीस का, विचारलं. नाही म्हणाला.

तो फोन ठेवला आणि साताऱ्याला लावला. आमचा दिवाळीला एकदा फोन होतो, त्यामुळे अवेळी आवाज ऐकून तो दचकलाच. ऊस तोडायला आला होता, शेतातच उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, गुमरीचंही. तो थोडा थांबला.

"पोरगं उतरलं ना खाली, साहेब?"

"उतरलं."

"मग झालं तर."